सदाहरित जंगल, कार्बन आणि सोलापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आहे. शिक्षक, चादर-टॉवेलचे कारखानदार, डाळिंब उत्पादक, पावसाळ्यात भीमाशंकरला जाणारी मंडळी, आणि ‘एक हेक्टर जंगल दत्तक घ्या’ अशी जाहिरात पाहून थबकलेले सगळेच. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत.

वर्षावन म्हणजे नेमके कोणते जंगल?

वर्षाला साधारण २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, कोरडे महिने थोडे, आणि झाडे एकाच वेळी सगळी पाने टाकून उघडी पडत नाहीत, असे उष्ण प्रदेशातले जंगल. जगात त्याचे तीन मोठे पट्टे आहेत: ॲमेझॉन, आफ्रिकेतले काँगोचे खोरे, आणि बोर्निओ-सुमात्रा-न्यू गिनीचा बेटांचा प्रदेश. भारतात ते पश्चिम घाट, ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबारमध्ये आढळते.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर या भागांत सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचे पट्टे उरले आहेत. अंजनी, जांभूळ, पिसा ही त्यांतली नेहमीची झाडे. पाऊस धो धो पडतो, पण चार महिन्यांतच उरकतो. म्हणून इथली झाडे केरळातल्यापेक्षा बुटकी, आणि एकदा तुटली की सावरायला जास्त वेळ लागतो.

सोलापुरात जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. आमचा या जंगलाशी संबंध काय?

पहिला संबंध पाण्याचा. भीमा उगम पावते भीमाशंकरच्या जंगलात. घोड, कुकडी, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा या तिला मिळणाऱ्या नद्याही सह्याद्रीच्याच कुशीतून निघतात. उजनी भरते ती मुख्यतः त्या पाण्यावर, सोलापूर जिल्ह्यातल्या पावसावर नव्हे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, हे उन्हाळ्यात आकडे वाचणाऱ्या सोलापूरकराला पाठ असते. वरच्या उतारावरचे जंगल गेले की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी एकदम धावते आणि सोबत माती आणते. ती माती धरणाच्या तळाशी बसते. जंगल पाणी ‘तयार’ करत नाही, उलट झाडे स्वतःही भरपूर पाणी पितात. पण ते पाणी उशिरा आणि स्वच्छ सोडतात. जंगल राखले की उजनी दरवर्षी भरेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नका.

दुसरा संबंध स्वयंपाकघरातला, म्हणजे पाम तेलाचा. तो पुढे येईल. तिसरा हवेचा: कार्बन डायऑक्साइड कुठेही सुटला तरी तो सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो. एप्रिलचा पारा वाढवताना तो बोर्निओतून आला की होटगी रोडवरून, याला काही अर्थ नसतो.

एक हेक्टर जंगल वाचवले तर किती कार्बन वाचतो?

सुकलेल्या लाकडाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो. एक टन कार्बन जळला किंवा कुजला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. चांगल्या वर्षावनात जमिनीवरचा सुका जैवभार, म्हणजे झाडाझुडपांचे पाणी वगळून वजन, हेक्टरी २०० ते ४०० टन असतो. मधला आकडा ३०० धरला तर:

३०० × ०.४७ × ३.६७ = सुमारे ५१७ टन कार्बन डायऑक्साइड.

मुळांतला साठा यात धरलेला नाही. तो साधारण पाव भागाने आकडा वाढवतो. सुमात्रा-बोर्निओकडे दलदलीच्या पीट (अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या थराच्या) जमिनीवर जंगल असेल तर खरा साठा झाडांत नसून जमिनीत असतो. ती जमीन चर खणून सुकवली की वर्षानुवर्षे धुमसत राहते.

एका झाडाचा हिशोब हवा असेल तर, व्यास ५० सेंटीमीटर (घेर १५७), उंची २५ मीटर आणि लाकडाची घनता ०.६ (पाण्याच्या ०.६ पट) असलेल्या झाडात सुमारे दोन टन सुके लाकूड निघते, म्हणजे जवळपास ३.४ टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो वायू सुटतो. तेव्हा हे एक झाड म्हणजे पंधराशे लिटरच्या आसपास पेट्रोल.

घेर मोजताना टेप छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३ मीटरवर धरायचा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने मोजायचे. बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळे असतील तर ती संपतात त्याच्यावर किमान ३० सेंटीमीटर जाऊन घेर घ्यायचा. हा नियम न पाळल्याने मोठ्या झाडांचा कार्बन दुप्पट दाखवलेला सापडतो. आणि जंगलातला बराचसा साठा याच मोजक्या मोठ्या झाडांत असल्याने चूक शेवटच्या बेरजेपर्यंत पोचते.

त्यापेक्षा झाडे लावणे सोपे आणि स्वस्त नाही का?

फोटो काढायला सोपे आहे. उष्ण, ओल्या प्रदेशात तोडलेली जागा तशीच सोडली तर पहिल्या वीस वर्षांत ती वर्षाला हेक्टरी सुमारे ११ टन कार्बन डायऑक्साइड शोषते. वरचे ५१७ टन भरून यायला याच वेगाने ४५ वर्षांहून अधिक लागतील, आणि प्रत्यक्षात वेग पुढे मंदावतो. उलट उभे जंगल तोडून पेटवले तर त्यातला बहुतेक कार्बन एका हंगामात बाहेर पडतो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी उभे जंगल राखा, मग तोडलेल्या जागेला स्वतःहून वाढू द्या, आणि लागवड शेवटी, जिथे मूळ झाडांचे बी येण्याची सोयच उरलेली नाही तिथे.

२०२४ मध्ये जगात उष्णकटिबंधातले ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेले, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण आग होते. माणसाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे दहावा भाग जंगलतोडीतून येतो. रोपांच्या कार्यक्रमांनी हे भोक बुजत नाही.

मग सोलापुरातल्या माळरानावर तरी झाडे लावून वर्षावन करता येईल?

नाही. आणि करूही नका.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले ते गवताळ माळासाठी. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल हे प्राणी-पक्षी उघड्या माळाचे आहेत. झाडांची दाटी झाली की त्यांची जागा जाते. माळढोक आता जवळपास दिसेनासाच झाला आहे. माळाला ‘पडीक’ म्हणून तिथे गिरीपुष्प, निलगिरी, सुबाभूळ लावण्याची सवय फार जुनी आहे, आणि सरकारी कागदावर ती वनीकरण म्हणून शोभते. गवताळ जमीन आपला कार्बन मुळांत आणि मातीत ठेवते. खड्डे खणताना तो काही प्रमाणात सुटतो, आणि साडेपाचशे मिलिमीटरवर लावलेली रोपे टँकर बंद होताच मरतात.

सोलापुरात झाडे लावायची तर रस्त्याकडेला, बांधावर, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी लावा. कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, वड, पिंपळ चालतात. मारवेल-पवन्या गवताचा माळ असेल तर तो जनावरांच्या चराईचे वेळापत्रक बांधून तसाच ठेवा.

जंगल वाचवायचे तर तिथल्या लोकांना बाहेर काढावे लागेल ना?

हा समज जगभर महागात पडला आहे. लोक हटले की रोजचा पहारा हटतो. वणवा लागला तर पहिल्या तासात कळवणारा कोणी उरत नाही, आणि लाकूडतोड करणाऱ्याला रान मोकळे मिळते. जिथे स्थानिकांचे हक्क कागदावर पक्के आहेत आणि ते बजावता येतात, तिथे तोड सहसा कमी आढळते. ॲमेझॉनमधल्या आदिवासी क्षेत्रांच्या सीमा उपग्रहचित्रात डोळ्यांनी ओळखता येतात: आत हिरवे, बाहेर चौकोनी तुकडे.

याचा अर्थ गावाकडून जंगलाला काहीच झळ बसत नाही असा नाही. सह्याद्रीत भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. त्यासाठी फांद्या छाटतात आणि पालापाचोळा गोळा करतात. सरपणासाठी दररोज मोळी लागते. ‘बंदी’ म्हटल्याने मोळी थांबत नाही, ती रात्री येते. गादीवाफ्यावर रोपे केली तर राबाची गरज घटते. सुधारित चुलीने सरपण वाचते, पण चूल घरातल्या मोठ्या भांड्याला बसणारी हवी आणि धुराडे दर महिन्याला साफ व्हायला हवे. नाही तर सहा महिन्यांत ती चूल कोंबड्यांचे खुराडे होते आणि जुनी तीन दगडांची पुन्हा पेटते.

गावाला जंगलावर हक्क मिळतो म्हणजे कसा? टप्पे सांगा.

२००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक हक्कांखेरीज सामूहिक वनसंपत्तीचा हक्क आहे: परंपरेने राखलेले, वापरलेले जंगल सांभाळण्याचा, पुनरुज्जीवित करण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा. अभयारण्यातही तो लागू आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. ते जंगल वर्षावन नव्हे, पण वाट त्यांनीच दाखवली.

प्रत्यक्षात असे चालते:

१. ग्रामसभा भरते. ती ग्रामपंचायतीची नसून गाव किंवा पाड्याची असावी. किमान निम्मी माणसे हजर हवीत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला.

२. तीच सभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यातही एक तृतीयांश महिला.

३. दाव्यासोबत किमान दोन प्रकारचे पुरावे: जुने महसुली कागद व नकाशे, गॅझेटियरमधले उल्लेख, देवराई, पाणवठे, स्मशानाच्या जागा, वयस्कांचे लेखी जबाब.

४. वन आणि महसूल अधिकाऱ्यांना लेखी सूचना देऊन जागेवर पडताळणी. शेजारच्या गावांनाही बोलवा.

५. ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागस्तरीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. अंतिम निर्णय तिचा.

६. हक्कपत्र आल्यावर व्यवस्थापन समिती आणि आराखडा.

अडते कुठे? सर्वांत जास्त सीमेवर. दोन गावांनी एकच टेकडी आपापल्या नकाशात दाखवली की फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. म्हणून पडताळणीच्या दिवशीच दोन्ही गावांच्या सह्या घ्याव्यात आणि जीपीएसचे बिंदू नोंदवावेत. दुसरी अडचण हजेरीपत्रकाची: कोरम होता, पण सह्या कमी. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. त्यानंतर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. बिगर-आदिवासी पारंपरिक रहिवाशांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. बहुतेकांचे दावे इथेच गळतात.

हक्क मिळाला, पण पोट कशावर?

भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी समाजाचे उत्तर पूर्वीपासून आहे: हिरडा. कोवळी फळे वाळवून होतो बाळहिरडा, त्याला पक्क्या फळापेक्षा चांगला भाव. झाड उभे असेल तरच दरवर्षी पैसा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घोटाळा असतो तो वाळवण्यात. ओला माल पोत्यात भरला की बुरशी येते आणि व्यापारी अर्ध्या भावात उचलतो. ताडपत्री, सावलीची जागा, आणि गावाचा स्वतःचा वजनकाटा या तीन गोष्टींनी उत्पन्नात पडणारा फरक कोणत्याही कार्बन प्रकल्पापेक्षा लवकर हातात येतो. कोकणात बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. फळे गोळा करून विकता आली तर तेच झाड जळाऊ लाकडाच्या ठेकेदाराला देण्याचा मोह कमी होतो.

देशाबाहेर पाहायचे तर कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू केला आणि त्यासाठी इंधनावरच्या कराचा हिस्सा बांधून दिला. निधी दरवर्षी कोणाच्या मर्जीवर राहिला नाही, हेच त्याचे बळ. केनियात गाझी उपसागराच्या काठावर मिकोको पामोजा हा खारफुटीचा प्रकल्प २०१३ पासून कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची विकता येणारी नोंद, विकतो. क्षेत्र जेमतेम ११७ हेक्टर, पण पैशातून गावाला पाणी आणि शाळेला पुस्तके मिळाली. मेघालयात खासी टेकड्यांवर मावफ्लांगच्या परिसरात दहा ‘हिमां’नी (खासींच्या पारंपरिक संस्थानांनी) मिळून सुमारे २७ हजार हेक्टरांवर भारतातला पहिला सामुदायिक रेड प्लस (जंगल न तोडण्याचा मोबदला; पुढे येईल) प्रकल्प उभा केला. तिथे देवराई आधीपासून होती, कार्बन नंतर आला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम इथे हवामान परिषदेच्या वेळी उष्णकटिबंधीय जंगलांसाठी एक कायमस्वरूपी निधी सुरू झाला. त्याची कल्पना अशी की देशाने उभ्या ठेवलेल्या जंगलासाठी वर्षाला हेक्टरी सुमारे ४ डॉलर, आणि त्यातले किमान २० टक्के स्थानिक व आदिवासी समुदायांना. हेक्टरी चार डॉलर म्हणजे फार नव्हे. तरीही पैसे ‘टाळलेल्या तोडी’च्या अंदाजावर न देता उभ्या जंगलावर दिले जातात, हा फरक मोठा आहे. का, ते पुढच्या दोन उत्तरांत कळेल.

रेड प्लस म्हणजे काय? क्रेडिट कसे ‘तयार’ होते?

२००५ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत मुद्दा मांडला की जंगल न तोडणाऱ्या देशांना त्याचा मोबदला मिळावा. २०१३ मध्ये वॉर्सा इथे नियमांचा सांगाडा ठरला, २०१५ च्या पॅरिस करारातही त्याला जागा मिळाली. ऐच्छिक बाजारातले प्रकल्प याच कल्पनेवर उभे आहेत. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. क्षेत्र १०,००० हेक्टर. प्रकल्पवाले म्हणतात, आम्ही नसतो तर दरवर्षी १ टक्का, म्हणजे १०० हेक्टर तुटले असते. हेक्टरी ५०० टनांनी ५०,००० टन. प्रत्यक्षात ४० हेक्टर तुटले: २०,००० टन. फरक ३०,०००. शेजारच्या जंगलात सरकलेल्या तोडीसाठी १० टक्के वजा: २७,०००. आग, वादळ यांच्या जोखमीसाठी २० टक्के राखीव साठ्यात: उरले २१,६०० क्रेडिट.

आता फक्त पहिले गृहीतक बदला. ‘आम्ही नसतो तर’ तोड अर्धा टक्काच झाली असती असे धरले तर फरक ५,००० टनांचा आणि शेवटी क्रेडिट ३,६००. जंगल तेच, माणसे तीच, कामही तेवढेच. क्रेडिट सहापट कमी.

म्हणजे हा सगळा फसवणुकीचा धंदा आहे?

सगळा नाही. पण शंका घेण्याला पुरेसे कारण आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने सहा देशांतले २६ प्रकल्प तपासले. त्यांतल्या बहुतेकांनी तोड लक्षणीय कमी केल्याचे आढळले नाही. दोष वरच्या उदाहरणातला: काल्पनिक तोड फुगवलेली. प्रकल्पाने स्वतःच संदर्भासाठी असा भाग निवडायचा जिथे रस्ता आहे, बाजार जवळ आहे, तोड जोरात आहे. आणि प्रकल्पाची जागा मात्र चढावर, दूर, जिथे करवत मुळातच पोचत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हेरा या सर्वांत मोठ्या नोंदणी संस्थेने नवी पद्धत आणली. तिच्यात हा अंदाज प्रकल्पवाला ठरवत नाही, तो संपूर्ण प्रदेशाच्या आकडेवारीतून वाटून दिला जातो. जुन्या पद्धतीची क्रेडिट अजून बाजारात फिरतात आणि स्वस्त असतात. स्वस्त का, हे आता लक्षात आले असेल.

फुगवलेल्या अंदाजाखेरीज आणखी काही ठिकाणी नीट पाहायला हवे. इथून हटवलेला तोड्या पलीकडच्या खोऱ्यात जातो. प्रकल्पाची सीमा स्वच्छ दिसते, प्रदेशाची एकूण तोड तेवढीच राहते. याला गळती म्हणतात आणि दहा टक्क्यांची ठोक वजावट कधी पुरते, कधी नाही.

सदाहरित जंगल आतून ओलसर असते, सहसा पेटत नाही. पण कडा तुटल्या, ऊन आत शिरले, गवत आणि रानमोडी वाढली की तीच कड वणव्याला वाट देते. म्हणून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, गवत पिवळे पडताच, फेब्रुवारीच्या आत साफ कराव्या लागतात. मार्चमध्ये निविदा निघाली तर उपयोग नाही.

लोकांच्या बाजूने सर्वांत वाईट प्रकार कराराचा. तीस-चाळीस वर्षांचा करार, इंग्रजीत, एका बैठकीत अंगठे. संमती ही आधी, मोकळेपणी आणि पूर्ण माहिती घेऊन दिलेली हवी, हे तत्त्व सगळ्या मानकांत लिहिलेले असते. वनहक्क कायद्यात ‘कार्बन’ असा शब्दच नाही, त्यामुळे क्रेडिटची मालकी कोणाची हे करारातच स्पष्ट लिहून घ्यावे लागते. आणि पहिला पैसा यायला दोन-तीन वर्षे सहज जातात, कारण नोंदणी, मोजणी आणि त्रयस्थ तपासणी आधी होते. पहिल्या पावसाळ्यातच पैसे देतो म्हणणारा माणूस स्वतः दलाल असतो.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. परदेशी ग्राहक ‘कार्बन न्यूट्रल’ मागतो. क्रेडिट घेतले की झाले?

आधी स्वतःचा धूर मोजा. महिन्याला १०,००० युनिट वीज लागत असेल तर ग्रिडच्या सुमारे ०.७ किलो प्रति युनिटप्रमाणे वर्षाला ८४ टन. डिझेल जनरेटरचे प्रत्येक लिटर २.७ किलो. रंगाईच्या बॉयलरचा कोळसा वेगळा, आणि तोच बहुधा सर्वांत मोठा. मग वाफेची गळती, कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) परत बॉयलरला नेणे, जुन्या मोटारी, छतावर सौर पॅनेल. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा. हे करून जे उरेल त्यासाठीच क्रेडिट.

घेताना असे तपासा. विक्रेत्याकडून प्रकल्प क्रमांक आणि क्रेडिटचे अनुक्रमांक घ्या आणि व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड किंवा प्लॅन व्हिवोच्या सार्वजनिक नोंदवहीत स्वतः शोधा. विक्रेत्याने पाठवलेले रंगीत प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे. प्रकल्पाची पद्धत जुनी की नवी ते पाहा. कोणत्या वर्षीची घट आहे ते पाहा, आठ-दहा वर्षांपूर्वीची नको. निरीक्षण अहवालातला लाभवाटपाचा भाग वाचा: समुदायाला किती टक्के, कोणत्या खात्यात, तक्रार कुठे करायची. तो भाग दोन परिच्छेदांत उरकलेला असेल तर पुढचा प्रकल्प बघा. शेवटी क्रेडिट तुमच्या कंपनीच्या नावाने नोंदवहीत कायमचे बाद झाले पाहिजे, नाही तर तेच दुसऱ्याला विकता येते.

ग्राहकाला सांगताना ‘आमचे टॉवेल कार्बनमुक्त’ असे छापू नका. ‘इतके टन कमी केले, उरलेल्यासाठी इतकी क्रेडिट अमुक प्रकल्पातून बाद केली’ असे लिहा. युरोपातले खरेदीदार आता हेच मागतात.

युरोपचा जंगलतोडविरोधी नियम आमच्या मालाला लागतो का?

सुती टॉवेल-चादरीला थेट नाही. २०२३ चा नियम गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात वस्तूंना व त्यांच्या ठरावीक उत्पादनांना आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे, म्हणून चालू तारीख खरेदीदाराकडून लेखी घ्या. कापूस यादीत नसला तरी व्हिस्कोसचे मिश्रण वापरत असाल तर त्याचा लगदा कुठल्या लाकडाचा, हे काही ग्राहक आपणहून विचारतात. सूत घेतानाच गिरणीकडून ते लिहून घेतलेले बरे.

डाळिंबाच्या बागेला कार्बन क्रेडिट मिळवून देतो म्हणून एजंट आला आहे.

त्याला चहा द्या आणि विचारा: बाग आधीच लावलेली आहे, मग क्रेडिट कशाचे? जे तुम्ही पैशाशिवाय केलेच असते त्याला क्रेडिट मिळत नाही. शिवाय डाळिंब झुडूप आहे, साठा थोडा, आणि तेल्या किंवा मर रोग आला की बाग उपटावीच लागते. टिकाऊपणा तिथेच संपतो. बांधावर नवी झाडे किंवा बांबू लावण्याचे गटप्रकल्प असतात. ते खरे असू शकतात, पण एकट्या शेतकऱ्याला तपासणीचा खर्च परवडत नाही म्हणून शेकडो जणांचा गट लागतो. करारात चार गोष्टी पाहा: किती वर्षे, मध्येच झाड तोडले तर दंड किती, विक्रीतला तुमचा वाटा एकूण रकमेवर की खर्च वजा करून, आणि सातबाऱ्यावर काही बोजा चढतो का. नोंदणी फी आगाऊ मागत असेल तर चहा संपवून निरोप द्या.

पाम तेल बंद करावे का?

शेंगा चटणीचा याच्याशी संबंध नाही, ती निर्धास्त खा. फरसाण, बिस्किटे, खारी, वनस्पती तूप, साबण यांत मात्र ते आहे. भारत जगातला सर्वांत मोठा पाम तेल आयातदार आहे आणि माल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचा. पाकिटावर घटकांत पाम किंवा पामोलिन असे लिहिलेले असते.

सरसकट बहिष्काराचा आम्ही सल्ला देत नाही. पाम एका हेक्टरातून साडेतीन-चार टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सगळे सोयाकडे वळले तर जमीन कितीतरी जास्त लागेल, आणि त्यातली काही ब्राझीलमध्ये जंगल किंवा सवाना तोडूनच मिळते. तळण कमी करा, घरी शेंगदाणा किंवा करडईचे तेल वापरा. करडई तर आपल्याच जिल्ह्याच्या रब्बीतली. मोठ्या प्रमाणात पामोलिन घेणाऱ्या बेकऱ्या आणि फरसाणवाल्यांनी पुरवठादाराकडे शाश्वत पाम तेलाचे प्रमाणपत्र मागावे. २०२१ पासून देशातच पाम लागवड वाढवण्याचे राष्ट्रीय अभियान चालू आहे, त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर आहे. तिथे ती लागवड मूळ जंगलाच्या जागी होते की आधीच मोकळ्या जमिनीवर, यावर नजर ठेवण्यासारखी आहे.

भीमाशंकरला सहलीला गेलो तर काय पाळावे?

शेकरूला खाऊ घालू नका, पायवाट सोडू नका, फेब्रुवारी ते जूनमध्ये काडी पेटवू नका. जेवण आणि मुक्काम गावातल्या घरी घ्या, हिरडा किंवा मध थेट गोळा करणाऱ्याकडून. प्लास्टिक परत सोलापूरला आणा.

‘पाचशे रुपयांत जंगल दत्तक’ अशी जाहिरात आहे. द्यावेत का?

देण्याआधी फोन करून विचारा. जंगल कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या गट क्रमांकावर? जमीन खासगी, वनखात्याची की सामूहिक हक्काची? पाचशेतले किती ग्रामसभेच्या खात्यात जातात आणि किती जाहिरातीवर? पैसे कशावर खर्च होतात: पहारा, जाळरेषा, चुली, वाळवणाची शेड, की रोपे? राखणदारांना वर्षातले किती महिने पगार मिळतो? मागच्या दोन वर्षांचे हिशेब मराठीत आहेत का, आणि ते गावात वाचून दाखवले का? हेच जंगल आणखी कोणाच्या नावाने दत्तक दिले आहे का, किंवा त्यावर क्रेडिट विकले आहे का?

नीट काम करणारी संस्था यांतल्या बहुतेकांची उत्तरे त्याच फोनवर देते आणि उरलेली दोन दिवसांत पाठवते. तुम्हाला फक्त झाडासोबतच्या सेल्फीची चौकट आणि करसवलतीची पावती पाठवली गेली, तर तेच पाचशे रुपये शेजारच्या गावातल्या माळावरच्या पाणवठ्याच्या दुरुस्तीला द्या.